'पुष्पगुच्छ आणू नयेत' असं छापणाऱ्या आयोजकांना एका फूलवालीचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सभा, सत्कार, गुणगौरव आणि वर्धापनदिनांचे सर्व आयोजक
(शाळा-महाविद्यालयं, पतसंस्था, कारखाने, सरकारी कार्यालयं, मंडळं आणि लोकप्रतिनिधींची संपर्क कार्यालयं)

प्रत माहितीसाठी : पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : फुलं बंद आणि प्लास्टिक चालू, याबद्दल

सप्रेम नमस्कार.

हल्ली तुमच्या निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ हमखास असते : 'कृपया हार, पुष्पगुच्छ आणू नयेत. पर्यावरण जपू या.' 'आहेर आणू नये' या ओळीइतकीच ती आता रुळली आहे. छापखानेवाले न सांगताच टाकतात की काय, अशी मला शंका आहे.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेच्या गुणगौरव समारंभाला गेले होते. नणंदेच्या मुलीला बक्षीस होतं. पत्रिकेवर हीच ओळ. दारात प्लास्टिकच्या झेंडूची कमान, व्यासपीठामागे प्लास्टिकच्या पांढऱ्या गुलाबांची अख्खी भिंत, खाली हिरवं प्लास्टिकचं गवत. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी रोपं दिली, तीही प्लास्टिकच्या कुंडीत, वरून चमकीची जाळी आणि रिबीन बांधून. खरी फुलं होती ती फक्त सरस्वतीच्या फोटोच्या हारात. निवेदकांनी 'पर्यावरणपूरक स्वागत' असा शब्द वापरला आणि टाळ्या पडल्या.

तिथे काही बोलले नाही. लेकरांच्या कौतुकाच्या दिवशी दुसऱ्याच्या मांडवात उणीदुणी काढणं बरं दिसत नाही. पण हे एका संस्थेपुरतं नाही, गावोगाव हेच चाललंय. म्हणून एकाला खाजगीत सांगण्यापेक्षा सगळ्यांना उघड लिहिते.

माझा यात स्वार्थ आहे, तो आधीच सांगते. दौंड तालुक्यात आमची थोडी जमीन आहे. गुलछडी, ॲस्टर आणि थंडीत शेवंती अशी आमची पिकं. माल पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. आणि तालुक्याच्या गावी माझं हार-बुकेचं छोटं दुकान आहे. गुलछडीची सुटी फुलं उन्हं चढायच्या आत तोडावी लागतात, नाहीतर ती माना टाकतात. पहाटे कपाळाला बॅटरी बांधून आम्ही बायका सरीत उतरतो. दवानं साडीचा काठ भिजून पायाला चिकटतो. पिकअप यायच्या आत क्रेट रस्त्यावर लागले पाहिजेत. भाव बरा मिळाला तर ठीक, नाहीतर पट्टीत, म्हणजे आडत्याच्या हिशेबात, तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही निघत नाही. 2020 च्या टाळेबंदीत देवळं आणि लग्नं बंद झाली तेव्हा राज्यभरातल्या फूलवाल्यांनी उभ्या पिकांत रोटर फिरवला. ते संकट होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. तुमची ती ओळ मात्र तुम्ही विचार करून छापता. म्हणून तिच्याबद्दल तुम्हाला विचारण्याचा हक्क मला आहे असं मी समजते.

पहिली तक्रार अशी की तुम्ही चुकीच्या गुन्हेगाराला धरलंय.

शहरातून आलेला एक 'शाही' बुके मी मध्ये दुकानात टेबलावर घेऊन सोडवला. सत्कार झालेल्या गृहस्थांनी तो 'फुलं काढून देवाला वाहा' म्हणून माझ्याकडे दिला होता. बाहेर पारदर्शक जिलेटिन पेपर, म्हणजे प्लास्टिक. त्याच्या आत गुलाबी नॉन-वोव्हन. हात लावला तर कापड वाटतं, पण ते पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे तेही प्लास्टिकच. मग चमकीची जाळी, सॅटिनची म्हणून विकतात ती पॉलिएस्टरची रिबीन, डोक्यावर मोती असलेल्या पिना, सेलोटेप, स्टेपलच्या पिना, नावाचं कार्ड खोचायची प्लास्टिकची काडी. तळाला प्लास्टिकची वाटी आणि तिच्यात बसवलेला हिरवा स्पंज. कामिनीच्या पाल्यावर सोनेरी चमकी मारलेली. या सगळ्यात फुलं होती दहा डच गुलाब, दोन जर्बेरा आणि पांढऱ्या शेवंतीच्या काही काड्या, त्यांतल्या दोन निळ्या रंगात बुडवलेल्या. देवाला वाहण्यासारखी निम्मीच निघाली. टेबलावर एका बाजूला फुलं-पाला आणि दुसऱ्या बाजूला बाकीचं ठेवलं, तर दुसरा ढीग मोठा होता. पहिला ढीग शेणखताच्या खड्ड्यात गेला. दुसऱ्याचं काय करायचं ते मला आजही सांगता येणार नाही.

आता यातलं पर्यावरणाला काय नडलं? फुलं नडली असतील तर मला समजावून सांगा.

त्या हिरव्या स्पंजाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो रोज हाताळूनही फार थोड्यांना ठाऊक असतो. धंद्यात त्याला ओॲसिस म्हणतात. तो बनवणारी कंपनी अमेरिकेतल्या ओहायोची, आणि 1954 पासून हा स्पंज फुलांच्या धंद्यात आहे. तो फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेला फेस असतो. पाण्यात टाकला की गटागटा पाणी पितो, काडी खोचली की हलत नाही, म्हणून सजावटवाल्यांचा लाडका. पण तो कुजत नाही. नखानं दाबला तरी त्याची हिरवी पूड होते आणि ती पूड बादलीतल्या पाण्याबरोबर मोरीत, मोरीतून ओढ्यात जाते. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी या स्पंजाचे कण पाण्यातले जीव खातात हे दाखवून दिलंय. इंग्लंडमध्ये ज्या संस्थेचं चेल्सीचं पुष्पप्रदर्शन जगभर गाजतं, त्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. त्यांनी फुलं बंद केली नाहीत, स्पंज बंद केला. प्रदर्शनं अजूनही भरतात आणि लोक तिकीट काढून बघायला जातात.

आपल्याकडे स्पंजाशिवाय अडतं असं कुणी म्हणेल तर त्यानं केळीचं सोपट बघावं. सत्यनारायणाच्या चौरंगाला आपण केळीचे खांब लावतो, तीच केळ. घड उतरवल्यावर उरलेल्या खुंटाचा टीचभर जाड तुकडा कापला की त्यात काडी घट्ट बसते आणि ओलही टिकते. कार्यक्रमाचे चार-सहा तास सहज निघतात. दोन दिवस टिकवायचं असेल तर पसरट भांड्यात तारेची जाळी चुरगाळून बसवावी आणि पाणी भरावं. जाळी धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येते. माझ्या दुकानात हेच चालतं. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गजरे ओवणाऱ्या आपल्या आज्यांना हे शिकवावं लागलं नसतं.

दुसरी तक्रार कायद्याच्या आडोशाची. तुमच्यातले काही जण म्हणतात, 'आम्ही बंदी असलेलं काहीच वापरत नाही.' बरोबर आहे, आणि दुखणं तिथंच आहे. राज्यानं 2018 साली प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली, गणपतीची थर्माकोलची मखरं गेली, लोकांनी पुठ्ठ्याची आणि कापडाची करायला घेतली. 1 जुलै 2022 पासून केंद्रानं एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंची यादी करून त्यांवर बंदी घातली. त्या यादीत मिठाईच्या डब्यावरचं, निमंत्रणपत्रिकेवरचं आणि सिगारेटच्या पाकिटावरचं प्लास्टिकचं वेष्टन आहे. बुकेवरचं वेष्टन मात्र नाही. म्हणजे पेढ्याच्या बॉक्सवर तो कागद गुंडाळला तर गुन्हा, गुलाबावर गुंडाळला तर शोभा. पेढ्याचा बॉक्स घरी जाऊन निदान चार दिवस फ्रीजमध्ये राहतो. बुकेचा कागद कार्यक्रमाच्या हॉलमधून बाहेरही पडत नाही. खुर्च्या उचलायच्या वेळी व्यासपीठाच्या मागे बघा, बुके उभे रचून ठेवलेले असतात आणि पाहुण्यांची गाडी केव्हाच गेलेली असते.

मग ते बुके झाडलोट करणाऱ्या मावशींच्या वाट्याला येतात. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे आपण घराघरांत शिकवतो. स्टेपल, टेप, तार आणि रिबीन यांत गुंफलेला बुके त्यांनी कशात टाकायचा? सोडवायला वेळ नसतो, हातमोजे नसतात. गाडीत तो जसाच्या तसा जातो.

तिसरी आणि माझ्या पोटाला सगळ्यात जास्त चिमटा काढणारी तक्रार प्लास्टिकच्या फुलांची आहे. 'ती पुन्हा पुन्हा वापरता येतात' असं सजावटवाले सांगतात. मंडपवाल्याच्या गोदामातली फुलांची भिंत दहा लग्नं काढते, हे मी मान्य करते. पण दसऱ्याला दारोदार लागतात ती प्लास्टिकची तोरणं? संक्रांतीपर्यंत त्यांच्यावर धुळीची पुटं चढतात, होळीपर्यंत रंग विटतो आणि उन्हाळ्यात ती उकिरड्यावर असतात. पाकळी एका प्लास्टिकची, देठ दुसऱ्या, आत लोखंडी तार. भंगारवालाही घेत नाही. आणि ज्या दसऱ्याला ती लागतात, त्याच दसऱ्याला झेंडूचा भाव पडला म्हणून शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्याकडेला ओतून रिकाम्या गाडीनं घरी येतो. या बातम्या तुम्हीही वाचता.

फूलउत्पादकांनी या प्लास्टिकच्या फुलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आहे. बंदीच्या यादीत ही फुलं नाहीत, हाच तिथेही मुद्दा. जुलै 2025 मध्ये विधानसभेत हा प्रश्न आला, पक्षभेद विसरून आमदारांनी पाठिंबा दिला आणि कृत्रिम फुलांवर बंदी आणू असं फलोत्पादन मंत्र्यांनी सांगितलं. आमच्या वस्तीवर त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर ती बातमी फिरत होती. पण तुम्हाला त्या आदेशाची वाट बघायची गरजच काय? मंडपवाल्याला 'प्लास्टिकची फुलं नकोत' हे सांगायला शासननिर्णय लागत नाही.

रोपांबद्दल थोडक्यात. पुष्पगुच्छाऐवजी रोप द्यावं ही कल्पना वाईट नाही, घेणाऱ्याकडे अंगण असेल तर. पण तुम्ही पाच पाहुण्यांना पाच मनी प्लांट देता, त्यांतले तीन गाडीच्या डिकीत उकडून मरतात, एक कार्यालयाच्या कपाटावर आणि एक जगतो. ज्याला लावायचंय त्याला विचारून चिंच, बकुळ, सोनचाफा द्या आणि कुंडीऐवजी करवंटीत किंवा गोणपाटात बांधून द्या. नाहीतर तो फक्त मोठ्या आकाराचा बुके झाला.

पुस्तकं द्या, वह्या द्या, याविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही. माझी मुलगी अशा वह्यांवरच शिकते आहे. पण इथे एक गंमत आहे ती सांगू द्या. जुलै 2017 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं सगळ्या राज्यांना कळवलं की पंतप्रधानांच्या देशांतर्गत दौऱ्यांत त्यांना पुष्पगुच्छ देऊ नयेत. पुढे काय लिहिलं होतं? द्यायचंच असेल तर एक फूल, सोबत खादीचा रुमाल किंवा पुस्तक. म्हणजे त्यांनी अवडंबर काढलं आणि फूल ठेवलं. 2021 मध्ये कर्नाटक सरकारनं तर सरकारी कार्यक्रमांतले हार, गुच्छ आणि शालीही थांबवून कन्नड पुस्तकं द्यायला सांगितलं. ते एक वेळ समजू शकते, सरकारी खर्चाचा प्रश्न आहे. तुम्ही मात्र तिसरंच केलंत. फूल काढलं आणि अवडंबर ठेवलं.

आता जरा अवघड जागी हात घालते. फूल खरं असलं म्हणजे ते आपोआप चांगलं असतं असं माझं म्हणणं नाही. फूल खायची वस्तू नाही, त्यामुळे त्यावर किती औषध उरलेलं चालेल याची मर्यादा भाजीसारखी ठरलेली नाही. पॉलिहाऊसमधल्या डच गुलाबाला भुरी, डाऊनी हे रोग, लाल कोळी, फुलकिडे या किडी, सगळं येतं आणि पाकळीवर एक डागही व्यापाऱ्याला चालत नाही. डाग दिसला की गड्डीचा भाव पाडतात. मग फवारणीवर फवारणी होते. पंप पाठीवर घेणारा गडी तोंडाला रुमाल बांधून औषध मारतो आणि दुसऱ्या सकाळी त्याच ओळीत बायका उघड्या हातांनी काड्या कापतात. परदेशात फेअरट्रेडचा शिक्का असलेली फुलं मिळतात, मजुरी, पाणी आणि औषध यांची तपासणी झाल्याचं त्यावरून कळतं. केनियातले कितीतरी गुलाब तसे विकले जातात. आपल्या बाजारात बुकेवर असा शिक्का मी तरी पाहिलेला नाही. तेव्हा तुमच्याकडे एकच साधन आहे, ते म्हणजे विचारणं. कुठल्या गावचं फूल आहे, उघड्या रानातलं की पॉलिहाऊसमधलं, तोडणाऱ्या बायकांना हातमोजे देता का. शंभर आयोजकांनी विचारलं तर आडत्यापर्यंत आणि आडत्याकडून आमच्यापर्यंत ते पोचतं. भाव जसा खाली सरकत येतो, तसा प्रश्नही येतो.

'स्थानिक घ्या' एवढंही पुरत नाही, तेही सांगते. 2007 साली इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठानं हिशेब मांडला होता. केनियातून विमानानं आलेला गुलाब हा हॉलंडच्या काचघरातल्या गुलाबापेक्षा कमी कर्बवायू सोडून आलेला निघाला. कारण हॉलंडच्या थंडीत काचघर तापवावं लागतं आणि केनियात ऊन फुकट आहे. नुसतं अंतर बघून चालत नाही. आपलं नशीब असं की आपल्याकडे ऊनही आहे आणि अंतरही कमी आहे. उघड्या रानातल्या गुलछडीला हीटर लागत नाही आणि विमानही लागत नाही. आमच्या तालुक्यातल्या यवतहून गुलटेकडीला ती दोन तासांत पोचते. आणि तुम्ही मागता काय, तर थायलंडहून आलेलं जांभळं ऑर्किड.

हीच माझी चौथी तक्रार. दुकानात आयोजक मंडळी येतात, तेव्हा मी ॲस्टर आणि शेवंती दाखवते. उत्तर ठरलेलं असतं : 'ताई, हे काय देवाला वाहायचंय? जरा भारी दाखवा.' झेंडू सुचवला तर हसतातच. ज्या फुलांचा हार तुम्ही छत्रपतींच्या पुतळ्याला घालता, ज्यांच्या माळा विठोबाच्या गळ्यात असतात, ती फुलं जिल्हा पातळीवरच्या पाहुण्यांना हलकी पडतात. हे मला खरंच कळलेलं नाही. पिवळ्या शेवंतीच्या वीस काड्या, मध्ये गुलछडीच्या चार, बाजूनं तुळशीच्या मंजिऱ्या, खाकी कागदात गुंडाळून सुतळीनं बांधलेल्या, हे हातात घेऊन बघा. वास आला तर पाहुणा नाकाशी नेतो. ऑर्किड कुणी नाकाशी नेलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि हंगाम. व्हॅलेंटाइनला सगळ्यांना एकाच दिवशी एकाच रंगाचा गुलाब हवा असतो. मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांचं वर्षाचं गणित त्यावर चालतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 8 मार्चला महिला दिनी कार्यालयांत बायकांना एकेक गुलाब वाटतात, तो प्लास्टिकच्या नळकांडीत घातलेला असतो. तेव्हा मोगरा सुरू झालेला असतो. जव्हार-विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याच्या बागा वाढवल्या आहेत. मुंबईतल्या कार्यालयांना तो दादरच्या फुलबाजारात सहज मिळेल. एक गजरा पानाच्या पुडीत बांधून दिला तर त्या बाईच्या केसांत तो संध्याकाळपर्यंत राहील. वसईचा सोनचाफाही आहे. यादी करायला बसले तर पत्र संपायचं नाही.

शेवटची तक्रार लहान आहे पण आम्हाला फार नडते. आदल्या रात्री नऊ वाजता फोन येतो, 'उद्या सकाळी दहाला पंचवीस बुके.' एवढ्या ऐन वेळी रानातून काहीच येऊ शकत नाही. मग मिळेल ते शीतगृहातलं, बाहेरून आलेलं फूल घ्यायचं आणि थोड्या फुलांचा बुके मोठा दिसावा म्हणून कागद आणि जाळी वाढवायची. बुकेत प्लास्टिक भरतं त्यातलं निम्मं या घाईनं भरतं. आणि सरकारी कार्यालयांचं बिल मार्चनंतर. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

आता मागण्या. सगळ्या तुमच्या हातातल्या आहेत, एकीलाही निधी लागत नाही.

पत्रिकेवरची ती ओळ बदला. 'पुष्पगुच्छ आणू नयेत' च्या जागी 'प्लास्टिकचं वेष्टन असलेले पुष्पगुच्छ आणू नयेत. आणायचंच तर एक फूल किंवा मोकळी जुडी आणावी' असं छापा. ज्यांना मुळीच हारतुरे नको असतील त्यांनी तसं जरूर छापावं, पण पर्यावरणाचं नाव पुढे करून नको.

ज्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर पर्यावरणाचा उल्लेख असेल, तिथे कमान, तोरण, भिंत यांत प्लास्टिकची फुलं आणि पायाखाली प्लास्टिकचं गवत नको. मंडपवाल्याच्या कोटेशनमध्येच हे लिहून घ्या.

बुकेची ऑर्डर देताना स्पंज, जिलेटिन पेपर, नॉन-वोव्हन, जाळी, चमकी आणि रंगवलेली फुलं नकोत असं स्पष्ट सांगा. कागद, सुतळी, केळीचं पान चालेल. माझ्यासारख्या दुकानदारांचा खर्च यानं वाढत नाही, उलट रिबिनीचा वाचतो.

निदान चार दिवस आधी सांगा, आणि फूल कोणतं ते तुम्ही ठरवण्याआधी 'सध्या रानात काय आहे' हे विचारा. पंचवीस सारखे बुके हवेत हा हट्ट सोडा. एक मोठी टोपली आणि तिच्यातून प्रत्येक पाहुण्याला एक जुडी, यात कुणाचा मान कमी होत नाही. मुख्य पाहुण्यांना हवी तर दोन काड्या जास्त द्या.

कार्यक्रम संपल्यावर उरलेली फुलं कुणी न्यायची ते आधी ठरवा. शाळेत खतखड्डा असेल तर तिथे, नसेल तर गावच्या निर्माल्याच्या कुंडात. झाडणाऱ्या मावशींवर सोडू नका.

पर्यावरण विभागाकडे दोनच गोष्टी मागते. कृत्रिम फुलांच्या बंदीबाबत सभागृहात जे सांगितलं त्याचं काय झालं ते लोकांना कळवा. आणि मिठाईच्या डब्यावरच्या वेष्टनाला जो नियम आहे तो बुकेच्या वेष्टनालाही लावावा, यासाठी केंद्राकडे लिहा. आम्ही फूलविक्रेते पहिल्याच दिवशी कागदावर येऊ. सवय व्हायला वेळ लागेल तो गिऱ्हाइकाला, आम्हाला नाही.

आमच्या शेवंतीची लागवड झाली आहे. दिवाळीच्या पुढे तोडणी सुरू होईल आणि जानेवारीपर्यंत चालेल. नेमक्या याच महिन्यांत तुमची स्नेहसंमेलनं आणि वार्षिक सभा असतात, तारखा आत्ता ठरत असतील. पत्रिका छापायला देण्याआधी तुमच्या गावातल्या फूलवाल्याशी एकदा बोला.

आपली,
एक फूलउत्पादक आणि हार-बुके विक्रेती
दौंड तालुका, जि. पुणे